खुराडं म्हणजे लोणच्याची बरणी नव्हे

गेल्या रविवारी सकाळी सातला अक्काचा फोन. "तुझ्या कोंबड्यांचं डोळं येत्यात काय रं पावसात?" म्हटलं, माझ्या बऱ्या आहेत, तुझ्या कितींचे आलेत? "निम्म्याच्या वर. आणि दोन तर सकाळी दार उघडून बघतो तर आडव्या."

पाच मिनिटांत कारण कळलं. बचत गटाच्या ग्रुपवर 'पावसाळ्यात कोंबड्या वाचवण्याचे ६ रामबाण उपाय' असा मेसेज आला होता आणि अक्कानं तो सत्यनारायणाच्या पोथीसारखा तंतोतंत पाळला होता. भाच्यानं मला पाठवला तेव्हा त्यावर 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' हा शिक्का होताच. म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीपासून शिरोळपर्यंत आणखी किती खुराडी या सल्ल्यावर चालली असतील, देव जाणे.

मेसेज थोडक्यात असा. एक, खुराडं चारी बाजूंनी मेणकापडानं हवाबंद करा आणि रात्री आत पेटत्या कोळशाची शेगडी ठेवा. दोन, खाली अंथरलेलं भाताचं तूस वर्षभर हलवू नका, बदलू नका. जितकं जुनं तितकी ऊब. तीन, तूस ओलं झालं तर वर चुना भुरभुरा. चार, तूस विकत घेऊ नका, उसाचं पाचट हे सगळ्यात उत्तम अंथरूण. पाच, कोंबड्या अंथरूण उकरून बाहेर टाकतात म्हणून खुराड्यात फूटभर खड्डा काढून त्यात ते भरा. सहा, हळद-लसणाचं पाणी पाजलं की राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची लस लागत नाही. खाली 'एका ज्येष्ठ पशुवैद्यकाचा सल्ला'. नाव नाही, गाव नाही. दोन जोडलेले हात आणि एक कोंबडा.

मी पशुवैद्यक नाही. सहा वर्षं करारावर ब्रॉयलरचे, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांचे लॉट काढले, त्यात हात पोळले, आता घरामागं चाळीसेक गावठी कोंबड्या आहेत. पण हे वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहितोय. क्रमानं जाणार नाही, कारण काही मुद्द्यांची तेवढी लायकी नाही.

हवाबंद आणि शेगडी, हे आधी. बाकीच्या चुकांनी पैसे जातात, हिनं जीव जातो.

त्याच दिवशी दुपारी अक्काकडं गेलो. सहा बाय आठचं खुराडं, बावीस कोंबड्या, गिरिराज जातीच्या आणि थोड्या गावठी. जागा पुरेशी. दाजींनी मेहनतीनं चारी बाजूंना काळं मेणकापड खिळ्यांनी ठोकलेलं, फटींत चिंध्या कोंबलेल्या. एक कडा उचकटली आणि आतून जो भपका आला त्यानं माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. कापडाच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब लोंबत होते. बाहेरून पावसाचा एक थेंब आत गेला नव्हता, दाजींचं काम चोख होतं, तरी तूस ओलंकिच्च. वर पापडी धरलेली. खुरपं घालून उचललं तर भाकरीचा पापुद्रा निघावा तसा हातभर थर निघाला. खालचं मुठीत दाबलं तर लाडू वळला आणि मूठ उघडल्यावरही लाडूच राहिला. एक तांबडी कोंबडी कोपऱ्यात डोळा मिटून पंखाच्या मुळाशी घासत होती. डोळ्याच्या कडेला साबणासारखा फेस.

"पाणी आलं कुठनं मग?" दाजींनी विचारलं. रास्त प्रश्न आहे आणि मेसेज लिहिणाऱ्याला तो पडलेला नाही. पाणी कोंबड्यांतूनच येतं. मोठी कोंबडी दिवसाला साधारण शंभर ग्रॅम विष्ठा टाकते आणि तिच्यात पाऊण हिस्सा पाणी असतं. बावीस कोंबड्यांचं गणित मांडा: दीड लिटरच्या वर पाणी रोज त्या तुसात पडतं. श्वासातून जातं ते वेगळं, पाण्याच्या भांड्यातून सांडतं ते वेगळं. वारा खेळता असेल तर हे सगळं उडून जातं. तुम्ही मेणकापड ठोकलंत म्हणजे ते पाणी आत कोंडून वर झाकण लावलंत. लोणचं मुरवायचं असेल तर ठीक आहे.

आता तो भपका. कोंबडीच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे युरिक आम्ल. ओलावा आणि ऊब मिळाली की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. शेगडीनं ऊब दिली, मेणकापडानं ओलावा दिला, आणखी काय पाहिजे? आपण उभे असतो, आपलं नाक पाच फुटांवर. कोंबडीचं नाक तुसापासून वीतभर. आत सतत जाणाऱ्या माणसाच्या नाकाला सवयही होते, त्यामुळं अक्काला 'जरा वास येतोय' एवढंच वाटत होतं.

याबद्दल एक जुना आणि पक्का पुरावा आहे. १९६४ साली अँडरसन, बिअर्ड आणि हॅन्सन या तिघांचा प्रयोग 'एव्हियन डिसीजेस' या नियतकालिकात छापून आला. त्यांनी कोंबड्यांना हवेच्या दहा लाख भागांत फक्त २० भाग अमोनिया अशा हवेत ७२ तास ठेवलं आणि राणीखेतच्या विषाणूशी गाठ घालून दिली. स्वच्छ हवेतल्या कोंबड्यांपेक्षा या कोंबड्यांत लागण जास्त झाली. श्वासनलिकेच्या आत बारीक लव असते, ती धूळ आणि जंतू बाहेर ढकलते. अमोनिया ती लव निकामी करतो. म्हणजे मेसेजमधला पहिला उपाय राणीखेतला दार उघडून देतो आणि सहावा उपाय लस बंद करायला सांगतो. एकाच माणसानं हे दोन्ही लिहिलंय, हे विशेष.

आणि शेगडी! बंद जागेत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात ऑक्सिजनची जागा तोच अडवतो. माणसं बंद खोलीत शेगडी ठेवून झोपून गेल्याच्या बातम्या आपण दर थंडीत वाचतो, मग कोंबडीनं काय वेगळं करावं? अक्काच्या दोन कोंबड्या यानंच गेल्या की अमोनियानं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही, त्यांना कापून कुणी बघितलं नाही. पण दोन्ही शेगडीच्या बाजूच्या दांडीखाली सापडल्या. शिवाय खाली वाळकं तूस आणि वर निखारे, हे आगीच्या दृष्टीनंही काय आहे ते सांगायला पशुवैद्यक लागत नाही.

एक मान्य करतो, नाइलाजानं. एक दिवसाच्या पिलांना ऊब लागतेच. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास, पुढं दर आठवड्याला थोडी कमी. लाइट गेली की आम्हीही शेडमध्ये शेगड्या लावायचो, पण वरून पडदा मोकळा ठेवून आणि रात्रभर माणूस जागा ठेवून. पिसं फुटलेल्या मोठ्या कोंबडीला यातलं काही लागत नाही. तिचं अंग मुळात ४१ अंशांचं. आपल्याकडं जुलैत रात्री पारा वीस-एकविसाच्या खाली क्वचित जातो. तिला थंडीचं भय नाही, भिजलेल्या पिसांचं आणि अंगावर थेट येणाऱ्या झोताचं आहे.

मग झड अडवायची कशी? आपला पाऊस घाटाकडून येतो, पश्चिम-नैऋत्येकडून. पत्र्याचा ढाळ त्या बाजूला उतरता आणि वळचण तीन फूट पुढं काढा, म्हणजे पागोळ्या जाळीपासून लांब पडतील. तिकडच्या जाळीला खाद्याच्या रिकाम्या पोत्यांचा शिवलेला पडदा. पण तो खालून बांधायचा आणि वर पत्र्याखाली फूटभर मोकळं सोडायचं. गरम ओली हवा वर चढते, तिला तिथून जाऊ द्यायचं. बहुतेक जण उलटं करतात, वरून पडदा सोडतात आणि खाली फट ठेवतात, मग वारा नेमका बसलेल्या कोंबडीच्या पोटाखालून जातो. पूर्वेची बाजू उघडीच राहू दे. हिरवं शेडनेट पाऊस थांबवत नाही, पण झडीचा जोर मोडतं, तेवढ्यापुरतं चांगलं. शिरोळ-हातकणंगल्याला एक पडदा पुरतो, गगनबावड्याकडं दोन बाजूंना लागतो, एवढाच फरक.

चुन्याचं बघू. यात अर्धं खरं आहे आणि म्हणूनच ते घातक आहे. लॉट गेला, शेड रिकामी झाली, जमीन खरवडून धुतली, की चुना मारतात. मीही मारायचो. पण कोंबड्या आत असताना ओल्या तुसावर चुना म्हणजे अमोनियाला निमंत्रण. शाळेच्या प्रयोगशाळेत नवसागर आणि चुना एकत्र करून परीक्षानळी तापवायचे आणि बाई म्हणायच्या, नाक लांब ठेवा, आठवतंय? तोच प्रकार. ओल्या विष्ठेत अमोनिया जोवर आम्लासोबत बांधलेला आहे तोवर गप्प असतो, चुन्यानं आम्ल मारलं की सुटतो. अक्कानं शुक्रवारी अर्धी पाटी चुना टाकला होता. डोळे शनिवारी आले.

ओल्या तुसावर औषध म्हणजे ओलं तूस काढून टाकणं. पाण्याच्या भांड्याभोवतीचा तेवढा गोल आधी ओला होतो, तो पाटीभर काढायचा, नवं टाकायचं. भांडं विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवलं की सांडणं निम्म्यावर येतं. तुसाची परीक्षा मुठीत: दाबून सोडलं की हळूहळू फुटलं पाहिजे. लाडू राहिला तर ओलं, अजिबात न चिकटता धुळीसारखं उडालं तर फार कोरडं.

'वर्षभर हलवू नका' यातलं 'वर्षभर' चालेल, 'हलवू नका' चालणार नाही. खोल गादीची पद्धत खरी आहे. दोन-तीन इंचांपासून सुरू करून वर वर भर घालत सहा इंचांपर्यंत न्यायची, खालचा थर कुजून ऊब देतो, वर्षानं शेताला सोन्यासारखं खत मिळतं. पण हे जमतं ते तूस कोरडं आणि भुसभुशीत असलं तर, आणि त्यासाठी दोन-तीन दिवसांनी पंजा मारून वरखाली करावं लागतं. पापडी धरलेल्या उबदार ओल्या तुसात रक्ती हगवणीच्या परजीवींची अंडी दोन दिवसांत पिकतात. ती ऊब कोंबडीच्या कामाची नाही.

पाचट? फुकट मिळतं म्हणून सगळ्यांना आवडतं. लांब पातं पाणी शोषत नाही, एकावर एक बसून चटई होते, खालून बुरशी. बुरशीची धूळ पिलांच्या फुप्फुसात जाते. बारीक कुट्टी करून कडक उन्हात वाळवलं तर तुसात मिसळायला हरकत नाही, पण आषाढात कडक ऊन कुठून आणणार? मे महिन्यातच भात गिरणीतून चार पोती तूस आणून माळ्यावर टाकावं. वीटभट्टीवाले उचलून न्यायच्या आत.

हळद-लसूण पाजा हवं तर, अपाय नाही. लस ती लस. पुढं.

आता खड्डा. हा उपाय लिहिणारा कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला पावसात एक रात्र राहिलेला नाही, हे शपथेवर सांगतो. आमच्या जुन्या घरात तरणा पाऊस लागला की माजघराच्या जमिनीतून पाझर फुटायचा. आई सकाळी चुलीपुढचं पाणी फडक्यानं टिपायची. अशा जमिनीत फूटभर खड्डा काढून तूस भरायचं म्हणजे विहिरीत गादी घालायची. खुराड्याची जमीन उलट आजूबाजूपेक्षा फूटभर वर पाहिजे, दगड-मुरुमाचं जोतं करून, आणि भोवती पाणी काढून द्यायला चर. कोंबड्यांच्या बाहेरच्या फिरायच्या जागेत तर तूस टाकूच नये, तिथं मुरूम किंवा जाड वाळू बरी, पाणी खाली जातं आणि पाय चिखलात राहत नाहीत.

पण तक्रार खरी आहे, हेही कबूल. कोंबडी उकरते, तो तिचा धर्म, आणि सकाळपर्यंत निम्मं तूस दाराबाहेर असतं. त्याला खड्डा नको, फळी हवी. जाळीच्या आतून खालच्या कडेला फूटभर उंचीची पत्र्याची पट्टी, आणि दारात आडवी फळी, काढता-घालता येईल अशी दोन खाचांत बसवलेली. साफसफाईच्या वेळी वर उचलायची. तूस आत राहतं आणि वारा फळीच्या वरून जातो.

रविवारी संध्याकाळपर्यंत आम्ही मेणकापड काढलं, ओलं तूस अकरा पाट्या बाहेर टाकलं, शेजाऱ्यांकडून दोन पोती कोरडं तूस उसनं आणलं. डोळे बहुतेकींचे आता उघडलेत. त्या तांबडीचा एक डोळा मात्र दुधी झालाय, तो काही सुधारेल असं वाटत नाही. दारात दाजींनी बाभळीची फळी बसवली. आठवड्यात दोनदा अंधारात तिला अडखळले, आणि अक्का सांगत होती, दोन्ही वेळा शिव्या मलाच घातल्या.