‘मोठ्यांनी ब्लॉक केलंय’ म्हणण्याआधी रांग तपासा

फेडिव्हर्सवर, म्हणजे एकमेकांशी पोस्टची देवाणघेवाण करणाऱ्या स्वतंत्र सोशल सर्व्हरांच्या जाळ्यावर, स्वतःचा सर्व्हर चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला फार फिरतो. शब्द इकडेतिकडे होतात, पण आशय हाच: “पोस्ट बाहेर दिसत नाहीत, फॉलो अडकून राहतं, उत्तरं येत नाहीत? मोठ्या सर्व्हरांनी तुम्हाला गुपचूप ब्लॉक केलंय. साइट ब्राउझरमध्ये नीट उघडतेय ना, मग तुमच्याकडे काही बिघडलेलं नाही. जुन्या पोस्टही येत नाहीत, हा तर पुरावाच. डेटाबेस पुसा आणि त्याच डोमेनवर नव्याने इन्स्टॉल करा.”

लक्षणं खरी आहेत, ती मीही भोगली आहेत. निदान मात्र बहुतेक वेळा चुकतं, आणि उपाय म्हणाल तर रोगापेक्षा इलाज भयंकर. एकेक मुद्दा घेतो. उदाहरणं मुख्यतः मॅस्टोडॉन या सर्व्हर-सॉफ्टवेअरची आहेत, कारण मी तोच चालवतो.

“मोठ्या सर्व्हरांनी गुपचूप ब्लॉक केलंय”

ब्लॉक होतात, हे नाकारत नाही. ‘गुपचूप’ हा शब्दही अर्धा खरा आहे, कारण ब्लॉक करणारा तुम्हाला कळवत नाही. पण ब्लॉक एका सर्व्हरने एका डोमेनवर घातलेला असतो. एकमेकांशी संबंध नसलेल्या पाच सर्व्हरांकडे तुमची पोस्ट एकाच दिवसापासून जायची थांबली, तर त्या पाचांनी रातोरात कट केला असं मानण्यापेक्षा आपल्या दारात काय पडलंय ते बघावं.

दुसरी खूण सायडकिकच्या, म्हणजे पाठवण्या-घेण्याची कामं रांगेत लावून उरकणाऱ्या प्रोग्रामच्या, डॅशबोर्डवर असते. पूर्ण ब्लॉक घातलेला मॅस्टोडॉन सर्व्हर तुमची डिलिव्हरी ४०३ (‘मनाई’) म्हणून परत पाठवतो, आणि ४०३ आल्यावर तुमचा मॅस्टोडॉन ती पुन्हा पाठवायच्या फंदात पडत नाही. म्हणजे ‘रिट्राय’ (पुन्हा प्रयत्न) रांगेत शेकडो नोंदी साठल्या असतील तर त्या ब्लॉकमुळे साठलेल्या नसतात. तिथे टाइमआउट, सर्टिफिकेटची चूक, ४०१ किंवा ५००च्या घरातले (सर्व्हरच्या बिघाडाचे) एरर सापडतात. प्रत्येक नोंदीपुढे कारण लिहिलेलं असतं. ते वाचायला दोन मिनिटं लागतात, तरी लोक आधी सर्व्हर रिस्टार्ट करतात, का ते मला कधी कळलेलं नाही.

४०१ म्हणजे सही पटली नाही. प्रत्येक डिलिव्हरीवर खात्याच्या खासगी कीने (गुप्त डिजिटल किल्लीने) सही केलेली असते, आणि त्या सहीत तारीख-वेळ व होस्टचं नावही येतं. सर्व्हरचं घड्याळ भरकटलं असेल तर सही तांत्रिकदृष्ट्या बरोबर असूनही शिळी ठरते. मॅस्टोडॉन सुमारे १२ तासांपर्यंत सांभाळून घेतो, घड्याळ पुढे असेल तर मात्र त्याहून खूपच कमी. येणाऱ्या डिलिव्हरीबाबत दोष बहुधा रिव्हर्स प्रॉक्सीचा, म्हणजे मॅस्टोडॉनपुढे बसून विनंत्या आत सोडणाऱ्या वेब सर्व्हरचा, निघतो. त्या जागी सहसा असणाऱ्या एनजिनएक्सने होस्ट हेडर (विनंती कुठल्या डोमेनसाठी आहे ते सांगणारी ओळ) जसाच्या तसा पुढे दिला नाही, तर समोरच्याची सही तुमच्याकडेच खोटी ठरते.

ब्लॉकचा सौम्य प्रकारही आहे, ‘मर्यादित’ करणं. त्यात एरर येत नाही. तुमच्या पोस्ट तिथल्या सार्वजनिक टाइमलाइनवर दिसत नाहीत, पण तुम्हाला आधीपासून फॉलो करणाऱ्यांना दिसतात. त्यामुळे फॉलोअरलाही पोस्ट मिळत नसेल तर हा प्रकार बाद. शिवाय अनेक सर्व्हर आपल्या माहितीच्या पानावर ब्लॉक केलेल्या डोमेनांची यादी देतात, आधी ती बघावी.

एका प्रसंगात मात्र संशय येणं साहजिक आहे. सर्व्हर आठ-दहा दिवस बंद होता, सुरू केला, तरी काही सर्व्हरांकडून काहीच येत नाही. थोडा वेळ बंद असाल तर समोरचा दोनेक दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पण सात वेगवेगळ्या दिवशी डिलिव्हरी फसली की मॅस्टोडॉन तुम्हाला ‘उपलब्ध नाही’ म्हणून बाजूला ठेवतो. तुमच्याकडून तिथे सही केलेली एखादी गोष्ट पोचली की ही नोंद आपोआप पुसली जाते. म्हणून परत आल्यावर निमूटपणे वाट पाहत बसू नये, तिथल्या फॉलोअरांना दिसेल अशी पोस्ट टाकावी. मधल्या काळातल्या पोस्ट मात्र गेल्या त्या गेल्या.

“फॉलो अडकणं म्हणजे ब्लॉक”

फॉलो हा दोन टपालांचा व्यवहार आहे. तुमचा सर्व्हर विनंती पाठवतो आणि समोरून ‘स्वीकारलं’ असं उत्तर तुमच्या इनबॉक्सवर, म्हणजे टपाल घेणाऱ्या पत्त्यावर, येतं. उत्तर आलं नाही की बटण विनंतीवरच राहतं. समोरचं खातं मंजुरीवालं नसेल, तर अडकलेलं फॉलो बहुतेकदा एवढंच सांगतं की जाणारा रस्ता चालू आहे आणि येणारा बंद.

माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं. मॅस्टोडॉन ४.० वर अपग्रेड केलं. माझ्या पोस्ट बाहेर जात होत्या, दुसऱ्या सर्व्हरवरून लॉगिन करून स्वतः पाहिल्या. लोक त्यांना उत्तरं देत होते, तीही तिथे दिसत होती. माझ्याकडे एकही पोचत नव्हतं. एनजिनएक्सचा लॉग उघडला तर इनबॉक्सवर विनंत्या धो धो येत होत्या आणि प्रत्येकीला २०२ मिळत होता. २०२ म्हणजे ‘घेतलं, बघतो’. बघत कुणीच नव्हतं. ४.० मध्ये बाहेरून येणाऱ्या मालासाठी ‘इन्ग्रेस’ नावाची नवी रांग आली होती, आणि मी सायडकिकच्या प्रोसेस रांगानिहाय वेगळ्या करून ठेवल्या होत्या. त्यांच्यात या नव्या रांगेचं नाव कुठेच नव्हतं. रिलीजच्या टिपणात ते लिहिलं होतं. मी वाचलं नव्हतं. सर्व्हिस फाइलमध्ये एक शब्द वाढवला आणि तुंबलेलं सगळं दहा मिनिटांत आत आलं, काही उत्तरं तर चार दिवसांची शिळी. मधल्या चार दिवसांत मला तिघांनी सांगितलं होतं की मोठ्यांनी तुला ब्लॉक केलंय, आणि खरं सांगायचं तर माझा त्यावर विश्वास बसत चालला होता.

रांग तुंबणं हे छोट्यांचंच दुखणं आहे असंही नाही. २०२२च्या नोव्हेंबरात ट्विटरवरून लोंढे आले, तेव्हा मोठमोठ्या सर्व्हरांच्या सायडकिक रांगाही मागे पडल्या होत्या.

“ब्राउझरमध्ये उघडतं, म्हणजे ठीक आहे”

सगळ्यात फसवा मुद्दा हाच. ब्राउझर फार समजूतदार असतो, तुमच्या चुका झाकतो. सर्व्हरशी बोलणारा दुसरा सर्व्हर तसा नसतो.

सर्टिफिकेटचंच उदाहरण घ्या. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सर्टिफिकेट सेवेची फाइल जोडताना पूर्ण साखळीऐवजी फक्त आपलं सर्टिफिकेट दिलं, तर मधला दुवा गायब होतो. ब्राउझरकडे तो दुवा बहुधा आधीपासून साठवलेला असतो किंवा तो स्वतः मिळवतो, आणि हिरवं-हिरवं दाखवतो. समोरचा सर्व्हर जोडणी तोडून मोकळा होतो.

आयपीव्ही६चंही (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) तसंच. डीएनएसमध्ये (डोमेनांचे पत्ते सांगणारी नोंदवही) जुन्या यंत्राचा आयपीव्ही६ पत्ता राहून गेलेला असतो. ब्राउझर आयपीव्ही४ (जुनी पद्धत) आणि आयपीव्ही६ असे दोन्ही पत्ते चाचपून जो लागेल तो घेतो, त्यामुळे तुम्हाला पत्ताच लागत नाही. काही सर्व्हर मात्र त्या मेलेल्या पत्त्यावर टाइमआउट होईपर्यंत थांबतात. ‘काहींना दिसतं, काहींना नाही’ ही तक्रार आली की मी आधी तिथे बघतो.

तिसरी गंमत कॅशची, म्हणजे साठवलेल्या प्रतींची. एकाच पत्त्यावर ब्राउझरला एचटीएमएल पान मिळतं आणि सर्व्हरला जेसन (यंत्राने वाचायचा मजकूर), फरक फक्त विनंतीतल्या ‘ॲक्सेप्ट’ हेडरचा. मधल्या सीडीएनने, म्हणजे पानांच्या प्रती साठवून पुढे देणाऱ्या सेवेने, तो फरक न ओळखता पान साठवलं, तर पुढच्या सर्व्हरला जेसनऐवजी सुंदर सजवलेलं वेबपेज मिळतं. ते घेऊन तो काय करणार! सीडीएनचं बॉट-संरक्षण चालू असेल तर तो ‘तुम्ही माणूस आहात का’ असंही विचारतो, तेही इनबॉक्सवर. त्यातूनही ४०३ निघतो, म्हणून ४०३ दिसला की लगेच कुणाच्या नावाने बोटं मोडू नयेत.

म्हणून तपासणी ब्राउझरबाहेर, दुसऱ्याच नेटवर्कवरच्या यंत्रावरून कर्ल या आदेशाने करावी. आधी वेबफिंगरचा (खात्याच्या नावावरून प्रोफाइलचा पत्ता सांगणाऱ्या सोयीचा) पत्ता: आपल्या खात्याचं नाव दिल्यावर जेसन येतंय का, मध्ये कुठे भलतीकडे वळवलं जात नाही ना. मग प्रोफाइलचा पत्ता, ॲक्टिव्हिटी-जेसन मागणारा ॲक्सेप्ट हेडर लावून. मग हेच दोन्ही, एकदा फक्त आयपीव्ही४ आणि एकदा फक्त आयपीव्ही६ वापरून. सर्व्हरवर ‘ऑथोराइज्ड फेच’ (सही केलेल्या विनंतीलाच माहिती देणारी सेटिंग) चालू असेल तर प्रोफाइल बिनसहीचं पूर्ण मिळणार नाही, ते अपेक्षितच आहे.

“जुन्या पोस्ट येत नाहीत, हा पुरावा”

कसलाच पुरावा नाही. ॲक्टिव्हिटीपबमध्ये, म्हणजे हे सर्व्हर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्यात, फॉलो केल्यापासून पुढचं टपाल येतं. आधीच्या पोस्ट मागवणं बंधनकारक नाही, आणि मॅस्टोडॉन पिन केलेल्या पोस्ट सोडल्यास मागचा इतिहास सहसा आणत नाही. फॉलोअरांचे आकडे दोन सर्व्हरांवर वेगळे दिसतात, तेही याच जातीचं. हवी ती जुनी पोस्ट तिचा पत्ता शोधचौकटीत टाकून आणता येते.

“डेटाबेस पुसून त्याच डोमेनवर पुन्हा इन्स्टॉल करा”

हे कृपया करू नका.

डेटाबेसमध्ये पोस्टबरोबर प्रत्येक खात्याची खासगी कीही असते. जोडीची सार्वजनिक की इतर सर्व्हरांनी साठवून ठेवलेली असते. तुम्ही नवी की घेऊन आलात की त्यांच्या लेखी तुम्ही तोतये. मॅस्टोडॉन सही पटली नाही तर की नव्याने मागवून बघतो, पण प्रत्येक सॉफ्टवेअर तेवढी तसदी घेईलच असं नाही.

कीचं एकवेळ निस्तरेल, फॉलोचं नातं निस्तरत नाही. समोरच्या सर्व्हरवर ‘मी याला फॉलो करतो’ अशी नोंद कायम आहे आणि तुमची फॉलोअरांची यादी कोरी. त्यामुळे तुम्ही कुणालाच काही पाठवत नाही आणि समोरच्याला वाटतं आपण फॉलो करतोय. त्याने अनफॉलो करून पुन्हा फॉलो करेपर्यंत हे असंच चालतं, आणि ते करायला हवं हे त्याला सांगणार कोण? दोन्ही बाजू एकमेकींना ‘गप्प’ दिसतात. म्हणजे ज्या लक्षणांसाठी पुसलं, तीच आता कायमची.

सर्व्हर खरोखर बंदच करायचा असेल तर मॅस्टोडॉनच्या टूटसीटीएल या आदेश-साधनात सेल्फ-डिस्ट्रक्ट हा आदेश आहे. तो ओळखीच्या सगळ्या सर्व्हरांना खाती मिटवल्याचं कळवतो, आणि तो डेटाबेस शाबूत असतानाच चालवावा लागतो. बॅकअप न ठेवता आधीच पुसून बसला असाल तर त्या डोमेनचा मोह सोडा. नवं सबडोमेन घ्या आणि जुन्यावर सगळ्या विनंत्यांना ४१० (‘कायमचं गेलं’) देणारा साधा वेब सर्व्हर ठेवा. वेबफिंगरवर ४१० मिळालं की मॅस्टोडॉन ते खातं गेलं असं धरतो आणि आपल्याकडची नोंद काढून टाकतो.