कॉलर ओली आहे की कुरतडलेली?

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलाने सारखं काहीतरी तोंडात घातलं की त्याच्या बोटांना कडुनिंब चोळा, मिरचीचं पाणी लावा, असं सांगणारी माणसं अजून घरोघरी भेटतात. हा सल्ला कृपा करून ऐकू नका. तिखट हात डोळ्याला लागतो हे एक. दुसरं म्हणजे ज्याला तोंडात जोरदार काहीतरी हवं आहे, त्याला ती तिखट-कडू चव चक्क आवडूही शकते. आणि बोट सुटलं तरी चावण्याची भूक तशीच राहते. मग बाही, पेन्सिल, टीव्हीच्या रिमोटची रबरी बटणं.

चावताना जबड्याच्या स्नायूंवर आणि सांध्यावर दाब येतो. गोंगाटात, कंटाळ्यात, थकल्यावर अनेक स्वमग्न व्यक्तींना त्या दाबाने सावरायला मदत होते. परीक्षेत पेनाचं टोपण चावणारे आपणही त्याच जातीचे, फक्त त्यांची गरज कितीतरी जास्त. संवेदनांना कमी किंवा जास्त प्रतिसाद देणं ही गोष्ट २०१३ पासून डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ वापरतात त्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, ऑटिझमच्या निदानाच्या निकषांत आहे. त्यामुळे ‘वाईट सवय’, ‘लाडावलाय’ ही भाषा आता पुरे.

संध्याकाळी शर्ट धुवायला टाकण्याआधी नीट बघा. कॉलर नुसती ओली असेल तर मूल चोखतंय. धागे तुटलेत, भोकं पडलीत, तर चावतंय. पेन्सिलही बघा: टोकाशी बारीक खुणा म्हणजे पुढचे दात, मधोमध चिरडलेली म्हणजे दाढा. च्युई, म्हणजे चावायचं सिलिकॉनचं साधन, घेताना हाच फरक कामी येतो. गळ्यातलं चपटं पदक पुढच्या दातांपुरतं. दाढेने चावणाऱ्याला लांब, दाढेपर्यंत पोहोचणारी कांडी लागते. तिथे पदक दिलं की मूल ते फेकतं आणि पुन्हा कॉलर धरतं.

‘आम्ही आणलं होतं, उपयोग नाही झाला’ यामागे बहुतेक वेळा दोन चुका असतात. जोरात चावणाऱ्याला मऊ च्युई दिलेली असते. ती लवकर फाटते आणि तुकडा घशात जायची भीती. किंवा मूल बाही चावायला लागल्यावर ती शोधायला कपाट उघडलं जातं. आठवडाभर वहीत तीनच गोष्टी लिहा: किती वाजता, त्याआधी काय चाललं होतं, काय चावलं. स्कूल व्हॅनची वाट, गृहपाठ, लग्नाचा हॉल असं काहीतरी ठळकपणे दिसायला लागेल. त्या वेळेच्या दहा मिनिटं आधी च्युई हातात द्या. फूड-ग्रेड सिलिकॉनचीच घ्या, दोरीला ओढल्यावर सुटणारी कडी हवी, झोपताना ती गळ्यात नको. रोज साबणाने धुवा आणि धुताना वाकवून बघा. चीर दिसली की सरळ कचऱ्यात.

जेवणातूनही बरंच काम होतं. कडक भाकरीचा पापुद्रा, खाकरा, किंवा नाचणीची जरा घट्ट आंबील स्ट्रॉने. चोखणाऱ्याला ही स्ट्रॉ फार उपयोगी पडते. पण चार वर्षांखालच्यांना, किंवा घास न चावता तोंडात कोंबणाऱ्याला फुटाणे, शेंगदाणे, कच्चं गाजर देऊ नका. कोंबण्यामागे हावरटपणाच असेल असं नाही. तोंड भरल्याशिवाय घास तोंडात आहे हेच काहींना नीट जाणवत नाही. ताटात एका वेळी दोनच घास ठेवा, मध्ये पाण्याचा घोट, आणि सुरुवात लिंबाच्या लोणच्यासारख्या झणझणीत चवीने करून बघा.

चावणं अचानक सुरू झालं किंवा एकदम वाढलं, तर आधी दातांच्या डॉक्टरांकडे जा. किडलेला दात, सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी दाढ, कानदुखी, आम्लपित्त यातलं काहीही असू शकतं, आणि न बोलणारं मूल दुखतंय हे सांगणार कसं? माती, खडू, रंगाचे पोपडे, केस असं खाण्याजोगं नसलेलं महिनाभर पोटात जात असेल तर तो पायका नावाचा विकार असू शकतो. तेव्हा हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि रक्तातलं शिसं या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. जुन्या खिडक्यांच्या गजांवरच्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगांत ते ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको, हा नियम आपल्याकडे लागू झाला तो नोव्हेंबर २०१७ पासून. आणि बटणासारखा चपटा सेल गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, थेट हॉस्पिटल गाठा. अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजू शकतं.

मोठ्यांबद्दल कुणी बोलतच नाही. तिशीतल्या स्वमग्न माणसाचा जबडाही तेच मागतो आणि आपल्याकडे त्याच्या हाताशी सगळ्यात सहज येते ती सुपारी. ती नकोच, तंबाखूशिवायची सुद्धा नको. सुपारीने कॅन्सर होतो. बिनसाखरेचं च्युइंगम, भाजलेली बडीशेप, पेनाच्या टोकाला बसणारं सिलिकॉनचं टोपण, यातलं काहीही ऑफिसात चालून जातं. सहकाऱ्याने विचारलंच तर “याने माझं लक्ष लागतं” एवढं उत्तर पुरे.