रात्रभर पोहणारे मासे

पावसाळा लागला आणि माझा मॉनिटर सकाळी उठेनासा झाला. बटण दाबलं की खालचा निळा दिवा मिचमिचायचा, पडदा क्षणभर उजळायचा, पुन्हा काळा. चहा होईपर्यंत हेच. मग एकदम जागा होऊन दिवसभर काही घडलंच नाही अशा थाटात चालायचा. आमच्या घरात ही लक्षणं नवी नाहीत, त्यामुळे चार महिने मी काही केलं नाही.

आईचं निदान मात्र पहिल्याच दिवशी झालं होतं : दृष्ट. दर दसऱ्याला ती त्याची यथासांग पूजा करते. कुंकवाचं बोट नेमकं घड्याळाच्या आकड्यांवर, त्यामुळे दिवाळीपर्यंत मला किती वाजले ते कळत नाही.

शेवटी दुरुस्तीवाला मुलगा आला. मागचं झाकण काढून म्हणाला, "काका, कॅपॅसिटर फुगलेत." ('काका' मी ऐकलं नाही असं दाखवलं.) पाहिलं तर वीज साठवणाऱ्या चिमुकल्या डब्या, ज्यांची डोकी सपाट असायला हवीत, त्या पुऱ्यांसारख्या टम्म.

"उष्णतेनं होतं. वर काही झाकता का?"

सगळ्यांनी क्रोशाच्या झालरीकडे पाहिलं. ही झालर आईनं जुन्या टीव्हीसाठी विणलेली. टीव्हीला पाठ होती, पोट होतं, त्याच्यावर ती शोभायची. मॉनिटर पडला पापडासारखा, त्यामुळे निम्मी झालर मागे लोंबते, ती बरोबर हवेच्या जाळीवर. आई म्हणाली, "धूळ बसते म्हणून घातली." मला जरा बरं वाटलं. गुन्हेगार सापडला होता.

"आणि रात्री बंद करता ना?"

"स्क्रीनसेव्हर असतो की!" मी अभिमानानं म्हणालो. मत्स्यालयाचा आहे, निळ्या पाण्यात केशरी मासे.

त्यानं माझ्याकडे आजोबांकडे पाहावं तसं पाहिलं. ते जुन्या पेटीसारख्या मॉनिटरचं, म्हणाला. त्यांच्या काचेला आतून फॉस्फर नावाच्या चमकणाऱ्या पदार्थाचा लेप असायचा, एकच चित्र तासन्‌तास राहिलं की त्याचा डाग कायमचा उमटायचा, म्हणून चित्र हलतं ठेवायचे. "याच्या पडद्यामागं एलईडी दिवे आहेत. मासे पोहोत नाहीतर झोपोत, दिवे जळतातच."

साधारण 30,000 तासांनंतर या दिव्यांचा उजेड निम्म्यावर येतो, असा ढोबळ हिशेब असतो. रोज आठ तास वापरला तर दहा वर्षं. माझा पाडव्याला आठ वर्षांचा झाला, पण रात्रंदिवस चालू. मी मनात गुणाकार केला : वीज गेलेली वजा जाता 70,000च्या आसपास. म्हणजे या हिशेबानं त्याचं वर्षश्राद्धसुद्धा केव्हाच उरकायला हवं होतं. पडदा अंधूक दिसतो म्हणून मी ब्राइटनेस शंभरावर नेऊन ठेवला होता, त्यानं दिवे आणखी लवकर थकतात, हेही ऐकून घेतलं. आता आई माझ्याकडे पाहत होती.

तीन कॅपॅसिटर बदलले. मॉनिटर पहिल्या बटणाला उठला. ब्राइटनेस चाळीसवर आला, मासे गेले.

"आठ वर्षांचा, म्हणजे मुंजीच्या वयाचा," आई म्हणाली आणि झालर उसवायला बसली. आठवड्यानं नवी तयार झाली. मागे, जाळी येते तिथे, तिनं बरोबर चौकोनी भोक ठेवलंय. भोकाला गुलाबी कड.