जे कमी असेल ते

आमच्या गाडीला जून २०२५ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण होणार, हे आमच्याआधी शेजारच्या काकांना कळलं. काका निवृत्त आहेत आणि सोसायटीतल्या प्रत्येक गाडीची जन्मतारीख त्यांना तोंडपाठ आहे. "पंधरा झाली ना? आता सरकार उचलून नेणार," ते म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण नजर आमच्या पार्किंगच्या जागेवर होती.

सरकार उचलून वगैरे नेत नाही. पंधरा वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी संपते. मग आरटीओत तपासणी करून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा आणि पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण करायचं. पूर्वी या नूतनीकरणाला ६०० रुपये पडायचे. एप्रिल २०२२ पासून ५,००० पडतात. म्हणजे सरकार हाताला धरून बाहेर काढत नाही, नुसतं घड्याळाकडे बघून जांभई देतं.

तपासणी या शब्दानेच माझ्या पोटात गोळा आला. आमच्या गाडीच्या ड्रायव्हरकडची काच बटणाने खाली जाते आणि वर यायला दोन्ही तळहात लागतात. मागचं डावं दार फक्त बाहेरून उघडतं, त्यामुळे तिथे बसणाऱ्याला मंत्र्यासारखं उतरवून घ्यावं लागतं. पाहुणे त्या जागेसाठी भांडतात. २०१३ साली आईची भजनांची सीडी प्लेअरमध्ये गेली ती आजतागायत बाहेर आलेली नाही. किल्ली फिरवली की इंजिनाच्या आधी टाळ वाजतात. आमचा वॉचमन हॉर्नची वाट बघत नाही, टाळ ऐकूनच गेट उघडतो.

त्यात मार्चमध्ये मी तिला नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवून घेतली होती. ७४५ रुपये, वर जीएसटी. शेवटची तारीख चुकू नये म्हणून धावतपळत गेलो. त्यानंतर ती तारीख इतक्यांदा पुढे गेली की शेवटची तारीख ही एक मनाची अवस्था आहे असं मला वाटायला लागलं.

रविवारी मेहुणा लॅपटॉप घेऊन आला. "दाजी, भंगारात द्या आणि नवी घ्या. सरकारची योजना आहे. फायदा घेतला नाहीत तर नुकसान तुमचंच."

योजना खरीच आहे. १३ ऑगस्ट २०२१ ला पंतप्रधानांनी हे वाहन स्क्रॅपिंग धोरण जाहीर केलं. जुनी गाडी नोंदणीकृत केंद्रात जमा करायची, तसं प्रमाणपत्र घ्यायचं आणि ते दाखवून नवी गाडी घेताना सवलत मागायची. नव्या गाडीची नोंदणी फी माफ, मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सूट. सोसायटीच्या ग्रुपवर हे 'नव्या गाडीवर २५ टक्के सूट' असं फिरत होतं आणि दोन कुटुंबांनी तर रंगही ठरवला होता. सूट करावर आहे, गाडीवर नाही, हे मी लिहिलं, तेव्हा मला कुणी उत्तर दिलं नाही. एकाने फक्त हात जोडलेला इमोजी टाकला.

मला मात्र त्या 'पर्यंत'ने घेरलं. शून्यही पंचवीसपर्यंतच असतो की. केंद्राने 'पर्यंत' म्हणायचं आणि त्याच्या आत कुठे थांबायचं ते प्रत्येक राज्याने ठरवायचं. कंपन्यांनीही ५ टक्क्यांपर्यंत सवलत द्यावी, असा सल्ला धोरणात होता. सल्लाच तो. ऑगस्ट २०२४ मध्ये बऱ्याच कार कंपन्या राजी झाल्या, त्या दीड टक्का किंवा २०,००० रुपये, यापैकी जे कमी असेल ते द्यायला. 'जे कमी असेल ते' हे वाक्य ज्याने पहिल्यांदा लिहिलं असेल त्याला मला एकदा भेटायचंय. फी भरताना त्याच माणसाचा भाऊ 'जे जास्त असेल ते' लिहीत असावा.

आठ लाखांच्या गाडीवर दीड टक्का म्हणजे १२,०००. भंगाराचे बावीस हजार. करातली सूट धरून मेहुण्याने सगळी बेरीज केली आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. "साधारण पन्नास हजार वाचतात, दाजी!"

"आणि आठ लाखांची गाडी घेतलीच नाही तर किती वाचतात?" बायकोने विचारलं.

त्याच्या एक्सेलमध्ये तो कॉलम नव्हता.

त्या रात्री झोप येईना म्हणून मी जगभरच्या भंगाराबद्दल वाचत बसलो. २००९ साली अमेरिकेने असली योजना काढली, जुन्या गाडीमागे साडेतीन ते साडेचार हजार डॉलर. जर्मनीने त्याच वर्षी अडीच हजार युरो दिले. अमेरिकेत तर जमा झालेली गाडी पुन्हा रस्त्यावर येऊ नये म्हणून इंजिनातलं ऑइल काढून त्यात सोडियम सिलिकेटचं द्रावण ओतायचे आणि इंजिन चालू करायचे. काही मिनिटांत आतल्या आत काचेसारखं घट्ट होऊन इंजिन कायमचं बसायचं. हे वाचून मी पहाटे खाली गेलो आणि बॉनेटवर हात ठेवून आलो. काका गॅलरीतून बघत होते.

शेवटी द्यायचं ठरलं आणि कळलं की गाडी विकत घेण्यापेक्षा ती मोडणं अवघड आहे. नंबर चोरीच्या गाड्यांच्या यादीत नसावा, चलान थकलेलं नसावं, आरसीवर कर्जाचा बोजा नसावा. चोर नव्हतो. चलान एक निघालं, नो पार्किंगचं, बायकोच्या माहेरच्या गल्लीतलं. ते मी एक अक्षर न बोलता भरलं आणि पावती मेहुण्याला पाठवली.

खरा फास एचपीचा, म्हणजे आरसीवरच्या त्या कर्जाच्या बोजाचा निघाला. कर्ज मी २०१५ सालीच फेडलं होतं. पेढेही वाटले होते. पण आरसीवरचं बँकेचं नाव काढून घ्यायचं असतं हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. आता बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५ हवा. दरम्यान ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली, माझी शाखा तिसऱ्याच शाखेत विलीन झालेली. शाखेच्या जागी आता चष्म्याचं दुकान. तिथला मुलगा म्हणाला, "रोज दोघंतिघं येतात काका, डोळे तपासून जाता का?"

नव्या शाखेत मॅडमनी दहा मिनिटं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "तुमचं कर्जच दिसत नाही."

"फेडलंय म्हणून दिसत नसेल."

"पण घेतल्याचंही दिसत नाही. घेतलंच नसेल तर फेडल्याचं पत्र कसं देणार?"

कर्ज घेतलं होतं हे सिद्ध करायला मला जुनी पासबुकं शोधायला चार दिवस लागले. कर्जदार असल्याचा इतका आनंद मला कर्ज मिळालं तेव्हाही झाला नव्हता. पाचव्या फेरीला फॉर्म ३५ वर शिक्का पडला. शाई पुसट होती. मी मॅडमना म्हटलं, अजून एकदा मारा.

गाडी द्यायच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, "गाडी जाईना का, माझी सीडी तेवढी काढून घे." मी चिमटा, विणकामाची सुई आणि पोस्टकार्ड वापरून बघितलं. सीटखाली मात्र बायकोचं हरवलेलं कानातलं सापडलं. त्यावरून २०१६ साली आमचा तीन दिवसांचा अबोला झाला होता. ते मी तिला दिलं. तिने डबा उघडून दाखवला. दुसरं तिने कंटाळून केव्हाच मोडलं होतं.

केंद्र एमआयडीसीच्या टोकाला होतं. आधी बॅटरी काढतील, मग ऑइल, मग एसीचा गॅस, असं तिथल्या पोराने समजावून सांगितलं. चेसिस नंबरचा तुकडा कापून सहा महिने जपून ठेवायचा असतो म्हणे. आमच्याकडे अस्थीसुद्धा कुणी इतके दिवस ठेवत नाही.

"पण सीडी मिळेल ना?" मी विचारलं.

"मिळणारच साहेब! सीडी दिल्याशिवाय आम्ही गाडीला हात लावत नाही. ऑनलाइन येईल."

केवढी व्यवस्था, म्हणून मी भारावलो. मग त्याने पुढे केलेल्या कागदावर वाचलं, सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट. सीडी. मी मागे वळून बघितलं, तर गाडी वजनकाट्यावर चढवत होते आणि आतून टाळ ऐकू येत होते.

घरी काही बोललो नाही. नवी गाडी कोणती ते अजून ठरायचंय, मेहुणा नवी शीट बनवतोय. काकांनी पार्किंगमध्ये तुळशीच्या दोन कुंड्या 'तात्पुरत्या' आणून ठेवल्यात.

काल संध्याकाळी मोबाइल वाजला. बायकोने बघितलं आणि तिथूनच ओरडली, "अहो, सीडी आली!"

आतल्या खोलीतून आई काठी टेकत बाहेर आली. "मिळाली का रे?"

"मिळाली. मोबाइलवर आलीय."

"मग लाव की," आई म्हणाली आणि खुर्ची ओढून डोळे मिटून बसली.