‘सी ड्राइव्ह कॉपी करा, झाला बॅकअप’? नाही होत!

गेले काही महिने व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो चार वेगवेगळ्या ग्रुपवरून आला. थोडक्यात असा: ‘विंडोज पुन्हा टाकून घेण्यावर पैसे घालवू नका. मिळेल ती स्वस्त आणि मोठी एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्या, सी ड्राइव्ह सगळा तिच्यात कॉपी करा, डिस्क कायम लावून ठेवा. कॉम्प्युटर बंद पडला की त्याच डिस्कवरून पाच मिनिटांत सुरू. यूएसबी 3 असेल तर एसएसडीची गरज नाही. मॅकलाही हेच चालतं.’

पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. बॅकअप घ्या असं कुणीतरी सांगतंय हेही बरंच. पण यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य ऐन वेळी दगा देणारं आहे, आणि ते मी समोर बसून पाहिलंय.

माझ्या एका मित्राचं सदाशिव पेठेत डीटीपीचं काम आहे. दिवाळी अंकाची पानं छपाईला जायच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या मशीनमधली डिस्क गेली. पानांच्या फायली दुसरीकडे होत्या. पण पेजमेकर, जुने नॉन-युनिकोड फॉन्ट, ते चालायला लावावं लागणारं यूएसबी लॉक, प्रिंटरची सेटिंग हे सगळं नव्यानं बसवायचं म्हणजे दोन दिवस जाणार. बूट होणारा, म्हणजे ज्यावरून मशीन थेट सुरू होतं असा बॅकअप हवा असतो तो याचसाठी, आणि तो आपल्याकडे आहे अशी त्याची खात्री होती. ड्रॉवरमधून डिस्क काढली, लावली, एफ12 दाबून बूट मेनू उघडला. यादीत डिस्कचं नावच नाही. डिस्कवरचा निळा दिवा मात्र लुकलुकत होता.

‘सी ड्राइव्ह सगळा कॉपी करा’

कॉपी-पेस्टनं बूट होणारी डिस्क तयार होत नाही. कॉम्प्युटर सुरू होताना सी ड्राइव्हकडे सरळ जात नाही. आधी तो डिस्कवरचा एक छोटा, लपलेला ईएफआय भाग शोधतो. हा साधारण 100 एमबीचा असतो आणि फाइल एक्सप्लोररमध्ये दिसतच नाही. विंडोज कुठे आहे हे सांगणारा बूट लोडर तिथे असतो. तो नसेल तर पुढचं सगळं जागच्या जागी असूनही मशीनला काहीच सापडत नाही. शिवाय चालू विंडोज स्वतःच्या रजिस्ट्रीच्या, म्हणजे सगळ्या सेटिंगच्या नोंदींच्या, फायली उघड्या धरून बसलेलं असतं. त्या कॉपी होत नाहीत. ‘फाइल वापरात आहे’ असं आलं की आपण ‘स्किप’ दाबतो आणि नेमकं कामाचं तेच राहून जातं.

यासाठी क्लोन करावा लागतो, म्हणजे सगळ्या भागांसकट डिस्कची जशीच्या तशी प्रत. क्लोनझिला हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चांगलं आहे. पडदा जुनाट दिसतो, त्याला घाबरू नका. फक्त कोणती डिस्क मूळ आणि कोणती नवी हे दोनदा वाचूनच एंटर दाबा.

‘त्याच डिस्कवरून सुरू’

नीट क्लोन केला तरी विंडोजचा प्रश्न सुटत नाही. नेहमीचं विंडोज यूएसबीवरून चालवायला मायक्रोसॉफ्टचा अधिकृत पाठिंबा नाही. त्यासाठी विंडोज टू गो नावाची वेगळी सोय होती, ती 2020 मध्ये विंडोज 10 च्या 2004 या आवृत्तीतून काढून टाकली. यूएसबीला लावलेला क्लोन कधी सुरू होतो, कधी निळा पडदा दाखवून थांबतो. रात्री दहा वाजता पानं अडकलेली असताना हा जुगार कुणी खेळावा?

माझ्या मते विंडोजवाल्यांसाठी खरा उपाय तयार पोर्टेबल डिस्कमध्ये नाही, केसिंगमध्ये, म्हणजे सुटी डिस्क यूएसबीला जोडणाऱ्या डबीत आहे. मशीनच्या आत ज्या जातीची एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) आहे त्याच जातीची सुटी एसएसडी घ्या: अडीच इंची साटा असेल तर साटा, चपटी एनव्हीएमई असेल तर एनव्हीएमई. ती यूएसबी केसिंगमध्ये घाला आणि तिच्यावर क्लोन करा. आतली डिस्क गेली की केसिंग उघडायची, एसएसडी आत बसवायची, मशीन सुरू. यूएसबीवरून बूट करायची वेळच येत नाही. बाजारातल्या अनेक पोर्टेबल हार्ड डिस्कमध्ये यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्या सर्किटवरच असतं; तशी डिस्क उघडून मशीनमध्ये लावता येत नाही. दुकानात हे कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतोय.

क्षमता बघताना एक बारीक फसगत होते. मशीनमध्ये 512 जीबी आणि आपण आणली 500 जीबीची. आतला डेटा 200 जीबीच असला तरी क्लोनझिला अडवतो, कारण नवी डिस्क मूळ डिस्कपेक्षा लहान नको असते. एक पायरी वरचीच घ्या.

‘यूएसबी 3 असेल तर एसएसडीची गरज नाही’

यूएसबी 3 चा 5 गिगाबिटचा आकडा वायरचा आहे, डिस्कचा नाही. मिनिटाला 5,400 फेऱ्या (आरपीएम) मारणाऱ्या डिस्कची एक फेरी 11 मिलिसेकंदांची. हवा तो तुकडा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, शिवाय हेड सरकायचा वेळ वेगळा. सेकंदाला असे साठ-सत्तर तुकडेच वाचून होतात. सिनेमा कॉपी करताना हे जाणवत नाही, कारण सगळं ओळीनं पडलेलं असतं. पण बूट होताना हजारो छोट्या फायली इकडून तिकडून उचलायच्या असतात. 4 केबीचे सत्तर तुकडे म्हणजे सेकंदाला 300 केबीसुद्धा नाही! एसएसडीत फिरणारं काही नाही, तिथे हेच तुकडे हजारोंनी येतात.

मी एका जुन्या इंटेल आयमॅकवर हे करून पाहिलं. पोर्टेबल हार्ड डिस्कवरून लॉगिनच्या पडद्यापर्यंत यायला सहा मिनिटांच्या वर गेली आणि त्यानंतरही मेल उघडेपर्यंत चहा झाला. तीच प्रत साध्या साटा एसएसडीवर घेतल्यावर मशीन बाहेरून चालतंय हे विसरायला झालं. मॅकची एपीएफएस फाइल सिस्टीम मुळात एसएसडी डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. फिरत्या डिस्कवर तिची दमछाक होते.

त्यात अनेक स्वस्त, मोठ्या पोर्टेबल डिस्कमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर शेजारची उचलावी लागतात, तसंच इथे लिहिताना होतं. फोटो टाकून ठेवायला अशी डिस्क चालेल, चालती सिस्टीम ठेवायला नाही.

‘मिळेल ती स्वस्त आणि मोठी’

दोन हजारात 16 टीबीची एसएसडी मिळत नाही. तशी म्हणून विकलेल्या डब्यांत छोटं मेमरी कार्ड आणि आकडा खोटा सांगणारं सर्किट निघालेलं आहे. एच2टेस्टडब्ल्यू नावाचं सॉफ्टवेअर चालवलं की खरी जागा कळते. नवी डिस्क आणली की ते आधी चालवा. मग 1 टीबीची डिस्क विंडोजमध्ये 931 जीबी दिसली तर ती फसवणूक नाही, हजार आणि 1,024 चा हिशेब आहे.

‘मॅकलाही हेच चालतं’

एके काळी खरंच चालायचं. ऑप्शन बटण दाबून धरायचं, बाहेरची डिस्क निवडायची. पुढे अ‍ॅपलची टी2 ही सुरक्षेची चिप असलेले मॅक आले आणि त्यांत बाहेरून बूट करणं मुळातच बंद ठेवलेलं असतं. रिकव्हरीत जाऊन स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटीमध्ये ते आधी चालू करावं लागतं. 2020 च्या बिग सर या मॅकओएसच्या आवृत्तीपासून सिस्टीमचा भाग सीलबंद झाला, म्हणजे साध्या कॉपीनं त्याची बूट होणारी प्रत बनेना. आणि त्याच वर्षी आलेल्या एम1 या अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपपासूनच्या मॅकमध्ये, बाहेरच्या डिस्कवरून बूट करायलासुद्धा आतली एसएसडी धड लागते. सुरुवातीचं बूटिंग तिच्यावरूनच होतं. म्हणजे ज्या संकटासाठी क्लोन ठेवला, त्याच संकटात तो उपयोगी नाही. अशा मॅकवर टाइम मशीन या मॅकमधल्याच सोयीनं नेमानं घेतलेला बॅकअप जास्त कामाचा, आणि त्याला साधी हार्ड डिस्कही पुरते.

‘डिस्क कायम लावून ठेवा’

हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. जून 2017 मध्ये नॉटपेट्या हा व्हायरस आला तेव्हा आपल्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं होतं. ते मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज समूहाच्या कंपनीकडे होतं. नॉटपेट्या बूट रेकॉर्डच पुसायचा, मशीन सुरूच व्हायचं नाही. मर्स्कला 45,000 पीसी नव्यानं उभे करावे लागले. त्यांच्या नेटवर्कचा पाया असलेल्या डोमेन कंट्रोलरची एकच प्रत जगात शिल्लक राहिली, घानामध्ये, कारण तिथे वीज गेल्यामुळे ते मशीन नेटवर्कपासून तुटलेलं होतं. लावलेली डिस्क व्हायरसला आतल्या डिस्कसारखीच दिसते. क्लोन झाला की वायर काढा.

मित्राच्या त्या अंकाची पानं शेवटी दुसऱ्याच्या मशीनवर, उसन्या फॉन्टवर, पहाटे चारला गेली. काही जोडाक्षरं तुटलेली छापली गेली, त्याचं त्याला अजून वाईट वाटतं. आता त्याच्याकडे केसिंगमधली एसएसडी आहे. घेतली त्याच दिवशी आम्ही मशीन उघडून ती आत बसवून पाहिली. पेजमेकर उघडलं, जुनं पान उघडलं, प्रिंट काढली, मग मूळ डिस्क परत लावली. पाऊचमध्ये एसएसडीबरोबर छोटा स्क्रूड्रायव्हर आहे आणि बिटलॉकरच्या, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाच्या, 48 अंकी रिकव्हरी कीचा कागद, कारण हीच डिस्क उद्या दुसऱ्या मदरबोर्डवर लावली तर विंडोज ती मागणार. वर चिकटपट्टीवर मशीनचं नाव आणि शेवटच्या क्लोनची तारीख, पेनानं.