‘स्पष्टवक्ता’ यांना उत्तर : साखरेच्या पाण्याविषयी

‘स्पष्टवक्ता’, नमस्कार.

नॉर्वेतल्या लिलेहामरमध्ये स्की करणाऱ्या शाळकरी मुलांच्या बारमाही खाण्यापिण्यावर लिहिलं, त्यावर तुमची भलीमोठी प्रतिक्रिया आली. तुमचे आक्षेप असे: वर्षभर एकच चौरस आहार पुरतो, रक्त तपासल्याशिवाय लोहाची गोळी सुचवू नये, ‘ड’ जीवनसत्त्वाचा आकडा चुकलाय. आणि शेवटी, जसंच्या तसं देते: ‘पोरीला शर्यतीत साखरेचं पाणी पाजणाऱ्या बाईने दुसऱ्यांना आहार शिकवू नये.’

आकडा चुकला, मान्य. रोजच्या १० मायक्रोग्रॅमच्या जागी १० मिलिग्रॅम पडलं. टंकनदोष. त्यावर ‘हजारपट विष’ वगैरे लिहायची गरज नव्हती. इथे कॉड माशाच्या तेलाची बाटली फ्रिजच्या दारातच असते, ५ मिलिलिटरचा चमचा घ्यायचा की झालं. मिलिग्रॅम कोण मोजत बसतंय!

आता ‘बाई’कडे वळते. ही बाई ६ हिवाळे स्कीच्या वाटेकडेला थर्मास घेऊन उभी राहिली आहे. उणे १४ मध्ये कंबरेच्या बाटलीचं आधी तोंड गोठतं, म्हणून कोमट भरून जाकिटाच्या आत ठेवावी लागते. केळ्याचा दगड होतो. आईनं नाशिकहून पाठवलेली चिक्की दातांना दाद देत नाही. अशा वेळी कामाला येतं ते ब्लॅककरंटचं गरम सरबत. आणि मी ‘पाजत’ नाही हो. मुलगी पेला हिसकावते, दोन घोट घेते, उरलेलं बर्फावर सांडतं.

थंडीत तहान कळत नाही, पण स्नायूंतला साखरेचा साठा जळतच असतो. मेहनत तासाभरापुढे गेली की तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं, ही जगभर रुळलेली शिफारस आहे. ‘तिची शर्यत जेमतेम पाव तासाची’ असं तुम्ही लिहिलंत. असेल. पण शर्यतीआधीची धावपळ, नंतरचं ताटकळणं, असे अडीच तास बर्फात जातात, ते कुठे धरलेत?

साखरेवरून मला ऐकवू नका. कॉलेजात मी लांब पल्ल्याचं पळायचे. ‘हलकं राहा’ म्हणत आमच्या सरांनी रात्रीची पोळी बंद करायला लावली. आठ महिने पाळी आली नाही, पुढे पळता पळता नडगीचं हाड तडकलं. या दोन्हींचा संबंध कुणी लावलाच नाही. अंगाला पुरेसं इंधन न देता खेळण्याच्या या दुखण्याला नाव देऊन आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ साली निवेदन काढलं, तेव्हा मी चाळिशीला आले होते. नॉर्वेची ऑलिंपिक सुवर्णविजेती स्कीपटू इंगविल्ड फ्लुगस्टाड ऊस्टबर्गला २०१९ च्या मोसमाच्या सुरुवातीला तिच्याच देशाच्या स्की संघटनेनं आरोग्याच्या कारणावरून शर्यतीत उतरू दिलं नाही. वाढत्या वयाच्या मुलीला कमी खाऊ घालण्याची भीती मला जास्त वाटते, दोन घोट सरबताची नाही. तुम्हाला उलटं वाटत असेल तर वाटो.

चौरस आहार पुरतो, बारा महिने खुर्चीत बसणाऱ्याला. इथलं सरावाचं वर्ष मे महिन्यात सुरू होतं. उन्हाळ्यात रोलर-स्की (चाकं लावलेल्या स्की) आणि डोंगरातलं पळणं, तेव्हा सरावाचे तास भरगच्च. नोव्हेंबरपासून शर्यती, एप्रिलमध्ये आराम. एप्रिलचं ताट ऑगस्टला कसं पुरेल? त्यात शाळेतला डबा अकराला संपतो, सराव चारला. मधल्या वेळचे ब्राऊन चीजचे दोन ब्रेड मी उगाच नव्हते लिहिले. मूळ लेख पुन्हा वाचा. पहिल्यांदा वाचला असेल तर.

लोहाचं म्हणाल तर गावात डॉक्टर आहेत, त्यांना कळतं.

पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावानं लिहा, मग बोलू. मिलिग्रॅमचं मायक्रोग्रॅम केलंय, बघून घ्या.