सलग दोन छाप

परदेशात पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या जीआरई परीक्षेच्या गणित विभागात मला १७० पैकी १६६ गुण मिळाले, ही बातमी घरी सांगताना मी चेहरा शक्य तितका पाडून ठेवला होता, पण बँकेतून निवृत्त झालेल्या बाबांनी वर्तमानपत्राच्या समासात भागाकार मांडला आणि "सत्त्याण्णव पूर्णांक सहा!" असे म्हणत आईला पेढे आणायला पिटाळले. या परीक्षेत गुण शून्यापासून नव्हे, तर १३० पासून मोजले जातात, हे मी त्यांच्या कानावर घातले. "म्हणजे १३० फुकट?" त्यांनी पुन्हा समास गाठला. "मग चाळीसपैकी छत्तीस. नव्वद टक्के. वाईट नाही." आता लपवण्यात अर्थ नव्हता, म्हणून पर्सेंटाइलही, म्हणजे शंभरांतल्या किती जणांना मी मागे टाकले तेही, सांगून टाकले. गणितात पैकीच्या पैकी मिळवणारेच जगात इतके आहेत की १६६ वाल्याची गणना जेमतेम सत्तरच्या घरात होते. बाबांनी हातातला पेढा बशीत परत ठेवला. एकाच मालाचे दहा मिनिटांत तीन भाव झालेले मी प्रथमच पाहिले.

हे चार गुण कुठे सांडले, त्यांपैकी एकाचा ठावठिकाणा मला ठाऊक आहे. सप्टेंबर २०२३ पासून ही परीक्षा आखडून दोन तासांना दोन मिनिटे कमी एवढीच राहिली आहे, आणि गणिताचे २७ प्रश्न १२ आणि १५ अशा दोन हप्त्यांत येतात. पहिला हप्ता चांगला गेला तर दुसरा अवघड मिळतो. ही सोय ज्याने काढली त्याला माणसाच्या मनाची फारच जवळून ओळख असावी, कारण दुसऱ्या हप्त्यातला एखादा प्रश्न चटकन सुटला की परीक्षार्थीला आनंद होण्याऐवजी धडकी भरते. मला लागोपाठ तीन प्रश्न सुटले आणि पहिल्या हप्त्यात आपण काहीतरी भयंकर करून आलो अशी खात्री पटून चौथ्यावर माझा हात थरथरला. क्ष ही धन संख्या आहे; क्षचा वर्ग मोठा की क्ष मोठा? पहिला मोठा, दुसरा मोठा, दोन्ही समान, किंवा दिलेल्या माहितीवरून ठरवता येत नाही, असे या धाटणीच्या प्रश्नाचे चार ठरीव पर्याय असतात. मी वर्ग मोठा म्हणून मोकळी झाले. परतीच्या धीम्या लोकलमध्ये, कोपर स्थानक यायच्या बेतात, महिलांच्या डब्यात कोणीतरी फेरीवालीकडे अर्धा डझन क्लिपा मागितल्या आणि माझ्या तोंडून "अर्धा!" असे इतक्या मोठ्याने निघाले की तिने मलाही सहा क्लिपा काढून दिल्या. अर्ध्याचा वर्ग पाव होतो. क्लिपा अजून आहेत.

मला अर्ज करायचा होता तो क्वांटिटेटिव्ह फायनान्सच्या, म्हणजे गणिताने बाजारातल्या जोखमीचे मोल काढायला शिकवणाऱ्या, पदव्युत्तर अभ्यासक्रमांना. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलनने १९९४ साली या धर्तीचा अभ्यासक्रम सुरू केला; बर्कली, प्रिन्स्टन, न्यूयॉर्कचे बरूक कॉलेज ही पुढची नावे. जागा मोजक्या आणि अर्जदारांत गणिताचे पदवीधर पैशाला पासरी. ऑप्शनची, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्या-विकण्याच्या हक्काची, किंमत काढण्याचे ब्लॅक आणि शोल्स यांचे सूत्र १९७३ मध्ये प्रसिद्ध झाले, त्या सूत्राच्या वंशजांवर हे सारे प्रपंच चालतात, असे मी मावशीला सविस्तर समजावले. तिने शेवटपर्यंत नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, "ते सगळं ठीक आहे गं, पण एखादा चांगला शेअर सांग ना."

परीक्षा पुन्हा द्यावी का, हा पुढचा प्रश्न होता. दोन प्रयत्नांत २१ दिवसांचे अंतर हवे आणि शुल्क वीस हजारांच्या पुढे. मात्र त्यातल्या त्यात बरा निकाल तेवढाच विद्यापीठाला पाठवण्याची मुभा असते. जोखमीचे मोल करणे हाच ज्या विद्येचा धंदा, तिच्या विद्यार्थिनीला शोभेल अशा रीतीने मी एक्सेलमध्ये रीतसर तक्ता मांडला, प्रत्येक शक्यतेला टक्केवारी दिली आणि तक्त्याने दोन दशांश स्थळांपर्यंत अचूक असा 'द्यावी' हा कौल दिला. बाबा मागे उभे होते. "या टक्केवाऱ्या कुठून आणल्यास?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "अंदाजे." बँकेत चाळीस वर्षे कर्जप्रकरणे तपासलेल्या माणसाने त्यावर फक्त "हं" केले. परीक्षा मी पुन्हा दिली नाही. या निर्णयाला कोणताही तक्ता जबाबदार नाही. मला धीर नव्हता.

उद्देशपत्र आणि शिफारसपत्रे यांच्या वाटेला जात नाही. 'बालपणापासून मला जोखीम व्यवस्थापनाची ओढ होती' हे वाक्य मी लिहिले, वाचले आणि खोडले, एवढे नमूद करते. बालपणी जोखीम व्यवस्थापन आई करत असे, बारा बायकांची भिशी चालवून.

आश्चर्य म्हणजे एका ठिकाणाहून मुलाखतीचे बोलावणे आले. रात्री साडेअकरा वाजता, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येऊ नयेत म्हणून स्वयंपाकघराचे दार लावून, वर कुडता आणि खाली पायजमा अशा वेशात मी लॅपटॉपपुढे बसले. पलीकडच्या गृहस्थांनी सौम्यपणे विचारले, की नाणे उडवत राहिलो तर सलग दोन छाप पडायला सरासरी किती वेळा उडवावे लागेल? मी ठसक्यात सांगितले, "चार." ते हसले, माझे आभार मानले आणि दुसऱ्या विषयाकडे वळले. लॅपटॉप मिटताच खरे उत्तर डोळ्यांपुढे उभे राहिले, सहा. छापेमागोमाग काटा हवा असेल तर चार पुरतात, कारण काट्याऐवजी पुन्हा छाप पडली तरी हातातली छाप शाबूत राहते. दोन छापा हव्या असतील तर मधला एक काटा सगळे धुऊन नेतो आणि मोजणी पहिल्यापासून.

आईला हे पटेना. तिने देवापुढचे पाच रुपयांचे नाणे घेतले, भिशीची वही उघडली आणि चटईवर बसून नाणे उडवायला घेतले. प्रत्येक जोडी लागली की ती आकडा टिपत होती, अगदी हप्ते टिपावेत तसा. मध्यरात्र उलटून गेल्यावर चाळीस नोंदी झाल्या. तिने बेरीज केली, भागाकार केला, चष्मा कपाळावर सरकवला.

"सहाच्या आसपास येतंय गं," ती म्हणाली. "तू किती सांगितलंस?"

मी चहाचे आधण ठेवायला उठले.